भंगारातली पवनचक्की

कर्जप्रकरणाची फाइल उघडली की बँक अधिकाऱ्याची नजर ठरावीक क्रमाने फिरू लागते. प्रवर्तक कोण, त्याचा पूर्वानुभव काय, प्रकल्पाचा एकूण खर्च किती, त्यात स्वतःचा वाटा किती, तारण काय, जामीनदार कोण आणि हप्ता कशातून फेडला जाणार? उत्तरे समाधानकारक असतील तर प्रकरण पुढे सरकते. नसतील तर ते नम्रपणे परत केले जाते. ठेवीदाराने विश्वासाने सोपवलेला पैसा आपण दुसऱ्याच्या हाती देत असतो, याची ती शिस्त आहे. तिच्याविषयी माझी यत्किंचितही तक्रार नाही.

तरीही मी परत केलेले एक प्रकरण माझ्या मनातून जात नाही. घाटमाथ्यावरील एका शाखेत मी कर्ज विभाग पाहत होतो. आषाढातल्या एका दुपारी विशीतला एक तरुण वहीच्या पानावर काढलेली आकृती घेऊन आला. वडिलांच्या वेल्डिंगच्या दुकानामागे साठलेल्या भंगारातून त्याला पवनचक्की उभारायची होती आणि त्यासाठी पंचवीस हजार रुपये हवे होते. दरपत्रक नव्हते, तारण नव्हते, उत्पन्नाचा अंदाज नव्हता. मी त्याला या उणिवा शांतपणे समजावून सांगितल्या. त्याने पान घडी करून खिशात ठेवले, "बरं साहेब," म्हणाला आणि पावसात निघून गेला. तो पुन्हा शाखेत आला नाही.

त्यानंतर काही काळाने आफ्रिकेतील एका मुलाची हकिगत माझ्या वाचनात आली. ती वाचताना मला ते घडी घातलेले पान सारखे आठवत राहिले. वाचकहो, आज त्या मुलाची पवनचक्की कर्जप्रकरणासारखी तपासून पाहू. तिचा खर्च, तिचे यंत्र, तिचे उत्पन्न आणि तिची खरी निकड, सारे काही.

दुष्काळातील घर

आफ्रिका खंडाच्या आग्नेय भागात मलावी नावाचा छोटासा देश आहे. तेथील कासुंगू शहराजवळच्या विंबे परिसरात विल्यम कामक्वाम्बा हा मुलगा वाढला. त्याचा जन्म १९८७ सालचा. घरी आईवडील आणि सहा बहिणी. भावंडांत मुलगा हा एकटाच. वडील मका आणि तंबाखू पिकवत. मका पोटासाठी आणि तंबाखू चार पैशांसाठी, असा तेथील सर्वसाधारण शेतकऱ्याचा हिशेब असे. गावात वीज नव्हती. सूर्य मावळला की दिवसही संपे. रॉकेलचा दिवा हीच काय ती चैन.

२००१ साली आधी अतिवृष्टीने आणि मग पावसाच्या ओढीने मका हातचा गेला. असा प्रसंग ओढवलाच तर उपयोगी पडावा म्हणून देशाने राखीव धान्यसाठा ठेवला होता. परंतु तो त्यापूर्वीच विकला गेला होता. राखीव निधी म्हणजे काय आणि तो का राखायचा, हे आम्ही वाणिज्य शाखेत पुस्तकातून शिकतो. मलावीच्या जनतेला तो धडा उपाशीपोटी शिकावा लागला. २००१ची अखेर आणि २००२चा आरंभ या काळात माणसे भुकेने दगावली. कामक्वाम्बा कुटुंब दिवसातून एकदाच, रात्री जेवू लागले. मक्याच्या पिठाचे घट्ट शिजवलेले न्सिमा हे तेथले मुख्य अन्न. त्याचे प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम तीन घास येत.

विल्यमने नुकताच माध्यमिक शाळेत प्रवेश घेतला होता. शाळेचे वार्षिक शुल्क सुमारे ८० अमेरिकी डॉलर होते. आपल्या चलनात, त्या काळच्या दराने, पावणेचार ते चार हजार रुपये. ज्या घरात पीठ मोजून शिजवले जात होते तेथे ही रक्कम उभी राहणे अशक्यच होते. काही दिवस तो शुल्क न भरताच वर्गात जाऊन बसला. अखेर त्याला घरी बसावे लागले. वय चौदा.

चित्रावरून शिकलेले शास्त्र

शाळा सुटली तरी गावातील प्राथमिक शाळेत एक लहानसे वाचनालय होते. देणगीतून आलेली इंग्रजी पुस्तके तेथे ठेवलेली असत. वर्गमित्रांच्या मागे पडू नये म्हणून विल्यम तेथे जाऊ लागला. त्याचे इंग्रजी बेताचे होते. म्हणून तो आधी आकृत्या पाही आणि मग आकृतीखालच्या शब्दांचा अर्थ शोधत बसे. पदार्थविज्ञानाच्या एका पुस्तकातून त्याला चुंबक आणि तारेचे वेटोळे यांचे नाते उमगले. तारेच्या वेटोळ्याजवळ चुंबक फिरला की तारेत वीज निर्माण होते, सायकलचा डायनामो याच तत्त्वावर दिवा पेटवतो, हे त्याच्या ध्यानात आले.

मग त्याच्या हाती 'युजिंग एनर्जी' हे शालेय पुस्तक पडले. त्याच्या मुखपृष्ठावर पवनचक्क्यांची रांग होती. ज्या यंत्राला त्याच्या चिचेवा भाषेत नावही नव्हते, ते यंत्र वाऱ्यापासून वीज तयार करते आणि पाणीही उपसते, असे त्या पुस्तकात लिहिले होते. पाणी उपसता आले म्हणजे वर्षातून दुसरे पीक घेता येणार आणि दुसरे पीक आले म्हणजे पुन्हा तशी उपासमार होणार नाही, हा अर्थ त्या मुलाने लावला. पवनचक्की हा त्याचा छंद नव्हता. भुकेला दिलेले ते उत्तर होते, ही गोष्ट आपण ध्यानात ठेवली पाहिजे.

भंगाराची यादी

आमच्या भाषेत सांगायचे तर आता प्रकल्पाची यंत्रसामग्री पाहू. शाळेजवळच मोडक्या गाड्यांचे भंगार पडून होते. तेथे त्याला ट्रॅक्टरच्या इंजिनाचा पंखा मिळाला आणि आस म्हणून वापरण्याजोगा शॉकॲब्सॉर्बर मिळाला. सायकल वडिलांची, मोडकी. ती देण्यास वडील चटकन तयार झाले नाहीत, त्यांचे मन वळवावे लागले. स्नानगृहाचे पाणी वाहून नेणारा पीव्हीसीचा नळ उभा चिरून, विस्तवावर तापवून त्याने सपाट केला आणि त्यातून चार फूट लांबीची पाती कापली. भोके पाडायला यंत्र नव्हते. तेव्हा मक्याच्या दाणे काढलेल्या कणसात लांब खिळा खोवून मूठ तयार केली, खिळा लालबुंद तापवला आणि त्याने प्लॅस्टिकला भोके पाडली. नटबोल्टखाली घालायच्या वॉशरऐवजी बिअरच्या बाटल्यांची पत्र्याची बुचे ठोकून सपाट केली.

एक वस्तू मात्र भंगारात मिळेना, ती म्हणजे डायनामो. एके दिवशी त्याच्या गिल्बर्ट नावाच्या मित्राने वाटेने जाणाऱ्या एका सायकलस्वाराकडून, २०० क्वाचा मोजून, डायनामो विकत घेतला आणि विल्यमच्या हाती ठेवला. वेल्डिंगचे पैसे देण्यासाठी विल्यमने मजुरी केली. या प्रकल्पातील 'प्रवर्तकाचा वाटा' तो हाच: मजुरी, मैत्री आणि महिनोन्‌महिने केलेली भंगाराची शोधाशोध.

यंत्राची रचना मोठी समजूतदार होती. नळाची पाती ट्रॅक्टरच्या पंख्याला जोडलेली आणि पंखा सायकलच्या पायडलच्या आसाला. वाऱ्याने पाती फिरली की पायडलचे दातेरी चक्र फिरे, साखळी मागचे चाक फिरवी आणि त्या चाकाला टेकलेला डायनामो वीज देई. येथे सायकलच का, असा प्रश्न पडेल. पाती मिनिटाला फार थोडे फेरे घेतात, तर डायनामोला प्रचंड वेग हवा असतो. आपल्याकडील साध्या सायकलीचे उदाहरण घेऊ. पुढच्या चक्राला ४४ आणि मागच्याला १८ दात असतील, तर पायडलच्या एका फेऱ्यात मागचे चाक जवळजवळ अडीच फेरे घेते. चाकाचा परीघ डायनामोच्या इवल्याशा डोक्याच्या परिघाहून वीस-पंचवीस पट मोठा असतो. दोन्हींचा गुणाकार केला तर पात्यांच्या एका फेऱ्यामागे डायनामो पन्नास-साठ वेळा फिरतो. म्हणजे मोडकी सायकल हीच या यंत्राची तयार गिअरपेटी होती.

हे सारे निलगिरीच्या खांबांच्या सुमारे पाच मीटर उंच मनोऱ्यावर चढले. मदतीला गिल्बर्ट आणि चुलत भाऊ जेफ्री होते. खाली गावकरी जमले होते. पोराचे डोके फिरले आहे, अशी त्यांची खात्री झाली होती. विल्यमने चाक अडवणारी सळई काढली, वारा आला, पाती फिरली आणि त्याच्या हातातील छोटा दिवा आधी लुकलुकला, मग लख्ख पेटला.

वेड्यांची परंपरा

गावकऱ्यांना दोष देण्याचे कारण नाही. जगातील प्रगत म्हणवणाऱ्या गावांनीही हेच केले आहे. स्कॉटलंडमधील प्राध्यापक जेम्स ब्लाइथ यांनी १८८७ साली मेरीकर्क येथील आपल्या सुटीतील घराच्या बागेत कापडी शिडांची पवनचक्की उभारली आणि तिच्या विजेवर घरात दिवे लावले. वाऱ्यापासून वीज मिळवून ती घरात वापरण्याचा हा जगातील पहिल्या प्रयोगांपैकी एक. शिल्लक विजेवर गावचा मुख्य रस्ता उजळून द्यावा, असा प्रस्ताव त्यांनी मांडला. पण ही वीज म्हणजे सैतानाची करणी आहे, असे म्हणून गावकऱ्यांनी तो नाकारला. पुढे २००६च्या सुमारास विंबे परिसरात पाऊस लांबला, तेव्हा ही पवनचक्कीच ढग उडवून लावते आहे, असे काही जण म्हणू लागले. सुमारे एकशे वीस वर्षांच्या आणि दोन खंडांच्या अंतरावरची ही दोन उदाहरणे सांगतात की नव्या यंत्राला वाऱ्याच्या आधी संशयाशी झुंजावे लागते.

परंतु परसातल्या अशा प्रयोगांतून पुढे उद्योगही उभे राहिले आहेत. १९७३च्या तेलसंकटानंतर डेन्मार्कमधील ख्रिश्चन रिसागर या सुताराने आपल्या परसात २२ किलोवॅटची पवनचक्की बांधली. जनित्र म्हणून त्याने बाजारात सहज मिळणारी विजेची मोटर वापरली आणि गिअर, ब्रेक यांसाठी मोटारगाडीचे सुटे भाग. अशा कारागिरांच्या पायावर डेन्मार्कचा पवनऊर्जा उद्योग वाढला. स्कॉटलंडच्या वायव्य किनाऱ्यावरील स्कोरेग येथे मोटाररस्ता नाही आणि तारेवरून येणारी वीजही नाही. तेथे राहणाऱ्या ह्यू पिगट यांनी १९७०च्या दशकापासून भंगारातील भागांच्या पवनचक्क्या बनवल्या. जुन्या गाडीच्या ब्रेक ड्रमपासून जनित्र कसे तयार करावे, याची त्यांनी पुस्तिकाच लिहिली. त्यांच्या पद्धतीने आज अनेक देशांत कार्यशाळा होतात.

वाऱ्याचा हिशेब

आता उत्पन्नाची बाजू. वाऱ्यातील शक्तीचा हिशेब ठेवींच्या व्याजासारखा सरळ रेषेत चालत नाही. ती वाऱ्याच्या वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. वेग दुप्पट झाला की शक्ती आठपट होते आणि वेग निम्मा झाला की ती आठव्या हिश्शावर येते. पात्यांनी व्यापलेल्या वर्तुळाचा व्यास दुप्पट केला तर शक्ती चौपट मिळते. शिवाय वाऱ्यातील सगळी शक्ती काढून घेणे निसर्गनियमानेच अशक्य आहे. वारा पूर्ण अडवला तर मागून येणाऱ्या वाऱ्याला जागाच उरणार नाही. जर्मन शास्त्रज्ञ आल्बर्ट बेट्झ यांनी दाखवून दिल्याप्रमाणे ही कमाल मर्यादा ५९.३ टक्के आहे. घरगुती यंत्राच्या हाती याच्या निम्मे लागले तरी पुष्कळ झाले.

एक उदाहरण करून पाहू. आठ फूट, म्हणजे सुमारे २.४ मीटर व्यासाचे चक्र साडेचार चौरस मीटर क्षेत्र व्यापते. सेकंदाला पाच मीटर वेगाच्या वाऱ्यात या क्षेत्रातून सुमारे ३४५ वॅट शक्ती वाहते. चांगल्या जनित्राच्या घरगुती यंत्राने त्यातील २० ते २५ टक्के पकडली तर हाती ७० ते ८५ वॅट येतात. असा वारा दिवसाचे बारा तास राहिला, तर दिवसाकाठी जेमतेम एक युनिट भरते. सायकलच्या डायनामोची कुवत तर अवघ्या काही वॅटची. चक्र कितीही मोठे असले तरी त्याच्याहून जास्त वीज तो देऊ शकत नाही.

विजेच्या दरानेच मोजायचे ठरवले, तर असा प्रकल्प कोणत्याही समितीपुढे टिकणार नाही. पण मोजमापाचे एकक बदलून पाहा. एका दिव्याच्या पलीकडे जाऊन विल्यमने मोटारीची जुनी बॅटरी जोडली. पुढे त्या घरात चार दिवे आणि दोन रेडिओ चालू लागले. शेजारीपाजारी मोबाइल फोन भारून घेण्यासाठी रांग लावू लागले. वीज असलेल्या घराला एक युनिट जास्त मिळाले तर काही रुपये वाचतात. वीज नसलेल्या घराला पहिले युनिट मिळाले तर संध्याकाळ मिळते. पहिल्या युनिटाचे मोल शेवटच्या युनिटाच्या दराने ठरवता येत नाही. अर्थशास्त्रातील सीमांत उपयोगितेचा सिद्धान्त मी परीक्षेसाठी पाठ केला होता. त्याचा अर्थ मला या चार दिव्यांनी समजावला.

सुरक्षेची शिस्त

त्या घराचे छप्पर गवताचे आणि त्याखालची लाकडे वाळवीने पोखरलेली. तारांची ठिणगी पडली तर घर पेटेल, हे विल्यमने वेळीच ओळखले. रबरी चपलेच्या तुकड्यांपासून आणि सायकलच्या तारांपासून त्याने दिव्यांची बटणे बनवली होती. आता खिळ्यांवर तार गुंडाळून आणि मध्ये चुंबक ठेवून त्याने प्रवाह वाढताच आपोआप तुटणारी जोडणी तयार केली. धोका आधी ओळखणे आणि त्याची तरतूद करून ठेवणे, हे कोणत्याही बँक अधिकाऱ्याने दाद द्यावी असेच काम आहे.

हे वाचून ज्या वाचकांना स्वतः प्रयोग करावासा वाटेल, त्यांच्यासाठी थोडे सांगणे अगत्याचे आहे. पहिली गोष्ट जागेची. झाडे आणि इमारती यांच्या आडोशाने वारा तुटतो आणि भोवऱ्यासारखा फिरतो. म्हणून ३०० फुटांच्या परिसरातील सर्वांत उंच अडथळ्यापेक्षा चक्र निदान ३० फूट उंच असावे, असा जाणकारांचा ठोकताळा आहे. विल्यमलाही पुढे आपला मनोरा १२ मीटरपर्यंत वाढवावा लागला. घराच्या गच्चीवर चक्की बसवण्याचा मोह टाळावा. तेथे वारा गढूळ असतो आणि यंत्राची थरथर भिंतींत उतरते.

दुसरी गोष्ट जनित्राची. मोटारगाडीचा अल्टरनेटर भंगारात सहज मिळतो, पण त्याला मिनिटाला हजाराच्या वर फेरे लागतात. लहान चक्कीची पाती तेवढ्या वेगाने फिरत नाहीत. म्हणून जाणकार मंडळी गाडीच्या जुन्या चाकाचा हब घेतात, त्यावर चुंबकांच्या तबकड्या बसवतात आणि मध्ये तांब्याच्या तारेची वेटोळी ठेवून मंद गतीचे जनित्र स्वतः बनवतात. या जनित्रातून येणारा प्रवाह उलटसुलट दिशेचा असतो. बॅटरीत साठवण्यापूर्वी तो डायोडमधून नेऊन एकदिश करावा लागतो.

तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट वादळाची. वेग दुप्पट म्हणजे शक्ती आठपट, हे गणित तेथे उलटून अंगावर येते. ब्रेक हवाच; शिवाय वारा अनावर झाला की चक्र बाजूला वळवणारी शेपटीही हवी. तुटलेले पाते गोफणीतून सुटलेल्या दगडासारखे येते, म्हणून मनोरा वस्तीपासून आणि विजेच्या तारांपासून दूर असावा. बॅटरी हवेशीर जागी ठेवावी आणि तिच्याजवळ फ्यूज अवश्य बसवावा. हे काम एकट्याने आणि ऐन वाऱ्यात कधीही करू नये.

आणि एक प्रांजळ सल्ला. केवळ स्वस्त वीज हवी असेल, तर आज सौर तावदानेच बहुतेक ठिकाणी सोयीची ठरतात. त्यांना फिरणारे भाग नाहीत आणि त्यांची किंमतही गेल्या काही वर्षांत पुष्कळ उतरली आहे. छतावरील सौर संचासाठी २०२४ साली सुरू झालेल्या पंतप्रधान सूर्यघर योजनेत केंद्र सरकारचे अनुदान आहे. भर पावसाळ्यात, ढगांनी सूर्य झाकलेला असताना घाटमाथ्यावर वारा मात्र घोंघावत असतो, तेथे छोटी पवनचक्की सौर संचाला उत्तम जोड देऊ शकते. तेव्हा घरी चक्की बांधायची ती मुख्यतः शिकण्यासाठी, असे मानून बांधावी म्हणजे निराशा पदरी येणार नाही.

परतफेड

विल्यमच्या चक्कीची परतफेड कशी झाली, ते पाहू. २००६ साली वाचनालयाच्या कामासाठी आलेल्या अधिकाऱ्यांच्या नजरेस ती पडली. नोव्हेंबरमध्ये मलावीतील वृत्तपत्रात बातमी आली आणि ती देशाबाहेर पोहोचली. जून २००७मध्ये टांझानियातील अरुशा येथे भरलेल्या जागतिक परिषदेच्या व्यासपीठावर हा एकोणीस वर्षांचा मुलगा उभा राहिला आणि मोडक्यातोडक्या इंग्रजीत त्याने आपल्या चक्कीची हकिगत सांगितली. मदतीचे हात पुढे आले. सुमारे पाच वर्षांच्या खंडानंतर त्याचे शिक्षण पुन्हा सुरू झाले. २०१४ साली विल्यम कामक्वाम्बा अमेरिकेतील डार्टमथ महाविद्यालयातून पदवीधर झाले. ब्रायन मीलर यांच्या साहाय्याने त्यांनी लिहिलेले आत्मकथन २००९ साली प्रसिद्ध झाले आणि त्यावर २०१९ साली चित्रपटही आला. दरम्यान गावात पाणी उपसणारी चक्की उभी राहिली, आईच्या बागेला पाणी मिळू लागले. मुखपृष्ठ पाहताना चौदा वर्षांच्या मुलाने बांधलेला अंदाज खरा ठरला.

कथा येथे संपवली तर ऐकायला गोड वाटेल. पण हिशेब येथे मिटत नाही.

हे प्रकरण माझ्या टेबलावर आले असते तर मी काय केले असते? प्रवर्तक अल्पवयीन, शिक्षण अपुरे, तारण शून्य, यंत्रसामग्री भंगारातील. मी ते परत केले असते आणि नियमाने पाहता ते योग्यच ठरले असते. बराच काळ मी त्या मुलाच्या कथेतून स्वतःवर एवढाच आरोप ठेवत होतो की आम्हाला जिद्द ओळखता येत नाही. पुन्हा विचार करताना ध्यानात आले की चूक दुसरीकडेच आहे. त्या घराची निकड पवनचक्कीसाठी कर्ज मिळावे ही नव्हतीच. त्या मुलाला ८० डॉलर शुल्क भरायचे होते. तेवढे वेळेवर मिळाले असते, तर तो वर्गात बसला असता आणि पुढची पाच वर्षे त्याच्या पदरात पडली असती. चक्की कदाचित त्याने नंतर बांधली असती, कदाचित अधिक चांगली. टाकाऊतून टिकाऊ करणाऱ्याचे कौतुक आपण जरूर करावे. परंतु त्याच्यावर ती वेळ का आली, हा प्रश्न कौतुकाच्या टाळ्यांत बुडू देऊ नये. त्याच गावात त्याच वर्षी शाळा सुटलेली इतर मुले होतीच. त्यांच्या अंगणात चक्की उभी राहिली नाही, म्हणून त्यांची हकिगत आपल्यापर्यंत आली नाही.

आणि म्हणूनच ते घडी घातलेले पान मला अस्वस्थ करते. त्या तरुणाला मी दरपत्रक विचारले, तारण विचारले, उत्पन्न विचारले. बोलता बोलता त्याने पदविका अभ्यासक्रम पहिल्याच वर्षी सोडल्याचे सांगितले होते. तो का सोडला, हे मात्र मी विचारले नाही. छापील अर्जात तो रकाना नव्हता. भारतीय बँक संघाच्या आदर्श योजनेनुसार साडेसात लाख रुपयांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला तारण मागितले जात नाही. पालक सहकर्जदार असले की पुरते. पवनचक्कीला मी नकार दिला, त्यात माझी चूक नव्हती. या योजनेचा अर्ज त्याच्यापुढे ठेवला नाही, ही माझी चूक होती.

तेव्हापासून मी एक सवय लावून घेतली आहे. कोणाचेही प्रकरण परत करताना उठणाऱ्या माणसाला मी पुन्हा बसवतो आणि विचारतो, "शिक्षण कुठवर झालंय? थांबलं असेल तर कशामुळे थांबलं?" बहुतेकदा उत्तर साधेच असते. कधी शुल्काचे, कधी वसतिगृहाचे, कधी घरातल्या आजारपणाचे. दर वेळी मार्ग निघतोच असे नाही. पण काही वेळा फाइल बंद होण्याऐवजी दुसरी उघडते.

वाचकहो, आपल्या शेजारी, नात्यात, कामाच्या ठिकाणी असा एखादा मुलगा किंवा मुलगी असेल, भंगारात काहीतरी शोधणारी, वहीच्या पानावर आकृत्या काढणारी. त्यांच्या आकृतीला हसण्यापूर्वी, आणि तिचे कौतुक करण्यापूर्वीही, त्यांची शाळा चालू आहे ना, एवढे कृपया विचारा. नसेल तर त्यांना घेऊन शाखेत या. वारा फुकट असतो, भंगारही जवळजवळ फुकट मिळते. शिक्षणाला मात्र भांडवल लागते, आणि ते वेळेवर पोहोचवणे हे आपल्यासारख्यांचे काम आहे.